पन्नासावं की पन्नास?

माणसाने कोणत्या तारखेला जन्माला यावं हे त्याच्या हातात नसतं, हे मला मान्य आहे. पण पुढे ज्याला बँकेत कारकुनी करायची आहे, त्याने निदान ३१ मार्च तरी टाळावा. मी टाळला नाही. परिणामी गेली चोवीस वर्षं माझा वाढदिवस वर्षअखेरीच्या हिशेबाबरोबर साजरा होतो. पूर्वी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आम्ही सव्वा रुपयाचा फरक शोधत बसायचो. आता कॉम्प्युटर फरक शोधतो आणि आम्ही कॉम्प्युटर का अडकला ते शोधतो. एका वर्षी सौ.ने डब्यात केशरी शिरा दिला होता. तो आमच्या हेडकॅशियरांनी चाखून पाहिला, सगळा चाखला, आणि हात पुशीत ते म्हणाले, "मेनी हॅपी रिटर्न्स!" मी दचकलो. बँकेत 'रिटर्न' म्हटलं की आधी न वटलेला चेक डोळ्यांसमोर येतो.

पण या वर्षी मित्रमंडळींनी कट केला. मंडळी म्हणजे तिघं. एक, वर सांगितलेले हेडकॅशियर, म्हणजे नाना. ते आता निवृत्त आहेत, पण समोर ठेवलेली पुरीसुद्धा मोजून घेतात. दुसरा बिटको कॉलेजातला माझा बी.कॉम.चा सोबती. तो रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो आणि रात्री परत येतो. ही गाडी १९७५ साली सुरू झाली आणि हा तिच्याच वयाचा असल्यामुळे तिला घरचीच समजतो. आपण त्याला पंचवटीवाला म्हणू. तिसराही कॉलेजातलाच, पण त्याने बी.कॉम. होऊन शहाणपणा केला आणि पिंपळगावकडच्या वडिलोपार्जित द्राक्षमळ्यात परत गेला. तो मळेवाला.

"तुझा पन्नासावा दणक्यात करायचा," पंचवटीवाला म्हणाला.

"मला एकोणपन्नास पूर्ण होतायत."

"म्हणजे पन्नासावं लागलं."

"लागलं म्हणजे झालं नाही."

"लेका, गाडीने देवळाली सोडली की लोक बॅगा घेऊन दारात उभे राहतात. नाशिक रोड आलं असंच धरतात."

मी त्याला कॉमर्सचा पहिला धडा आठवून दिला : न झालेला नफा जमेस धरू नये, होऊ शकणारा तोटा मात्र आधीच धरून ठेवावा. यावर तो म्हणाला की एवढं लक्षात ठेवूनही तू कारकूनच राहिलास. वाद तिथेच संपला. तरी मी एका गुरुजींना सहज विचारलं. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत करतात, साठीला उग्ररथ आणि ऐंशीला सहस्रचंद्रदर्शन, अशी यादीच त्यांनी म्हणून दाखवली. "पन्नासावं लागल्यावर की संपल्यावर?" मी विचारलं. "करणारे दोन्ही वेळेला करतात," गुरुजी म्हणाले, "दक्षिणेत फरक पडत नाही."

दिवस ठरला १ एप्रिलचा. त्या दिवशी बँक लोकांसाठी बंद असते. आमच्यासाठी नसते, पण संध्याकाळ तरी मोकळी मिळते. फक्त एक घोटाळा झाला. १ एप्रिलला जेवायला बोलावतो आहे म्हटल्यावर कोणी विश्वासच ठेवीना. नानांनी तर सौ.ला फोन करून खातरजमा करून घेतली. "वहिनी, सही जुळवून पाहतोय," म्हणाले.

घरात ही बातमी मी जेवताना सांगितली. "आई, मला पन्नासावं लागतंय, मंडळी जेवायला येणार आहेत." आई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"लागतंय म्हण," ती म्हणाली. "झालं म्हणू नकोस."

आता हे सांगायलाच हवं. माझे वडील इथल्या नोट प्रेसमध्ये होते. १९२८ साली निघालेली ही प्रेस नाशिक रोडकरांचं दुसरं ग्रामदैवत आहे. वडील दिवसभर नोटांच्या राशीत असायचे आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर आई डब्यांच्या तळाशी नाणी शोधायची. नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये हा विनोद घरोघर होता. वडिलांचं पन्नासावं लागलं तेव्हा प्रेसमधल्या मित्रांनी त्यांना हार घातला होता, पेढे वाटले होते. फोटोही आहे. पन्नास पूर्ण व्हायला चार महिने होते, तेव्हा ते एका सकाळी ड्यूटीवर जायला निघाले आणि बुटाची नाडी बांधताना बसले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. न झालेला नफा जमेस धरू नये, हा धडा प्राध्यापकांनी आम्हाला त्याच वर्षी शिकवला. आईला तो शिकवावा लागला नाही.

"मग राहू दे," मी म्हणालो. "नको काही."

"राहू दे कशाला? मित्रांना बोलाव. पोटभर जेवू घाल. हार-बिर नको, आणि पन्नास म्हणायचं नाही. बाकी काय करायचं ते करा."

'बाकी काय करायचं ते करा' हे वाक्य आईने सहज उच्चारलं. त्याचा अर्थ मळेवाल्याने लावला.

"नाशिक जिल्ह्यात राहून तू पाहुण्यांना सरबत पाजणार?" तो फोनवर ओरडला. "अरे, सुलाची पहिली बाटली २००० साली बाहेर पडली. तुझी नोकरी आणि इथली वाइन एका वयाच्या आहेत. तिने नाव काढलं. तू काय केलंस?" हे मात्र खरं. येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या द्राक्षांना मिळालं, 'नाशिक व्हॅली वाइन'लाही मिळालं. जिल्ह्यात मानांकनावाचून मीच उरलो.

प्रश्न होता तो वाइन ही दारू आहे की नाही, हा. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा यावर अख्खा महाराष्ट्र भांडला आणि निकाल लागला नाही. आमच्या घरी चिरंजीवांनी तो लावला. आजी रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तेवढ्याच पाण्यातून घेते. चिरंजीवांनी ती बाटली उचलून लेबल मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आसवात अल्कोहोल आपोआप तयार होतं, असं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. मी वेळेवर त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. पंचवीस वर्षांचं औषध एका मिनिटात व्यसन ठरलं असतं.

वाइन आणायला मीच गेलो. आयुष्यात प्रथमच दुकानात शिरायचं म्हणून मी कायदा पाहून ठेवला होता. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे आणि प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो, पाच रुपयांत. मी पाचाचं नाणं काउंटरवर ठेवून म्हटलं, "आधी परवाना द्या." दुकानदाराने माझ्याकडे, मग नाण्याकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी इन्कमटॅक्सचा माणूस असावा असा त्याचा समज झाला असावा, कारण त्याने मला बसायला स्टूल दिलं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मान वळवली. आमचेच खातेदार! दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. दोन मिनिटांनी मात्र त्यांना राहवलं नाही. "साहेब, उद्या पासबुक भरून मिळेल का?"

"उद्या बँक बंद आहे," मी बाटल्यांकडे पाहत म्हणालो. "परवा या. ताबडतोब भरून देतो." एवढी तत्पर सेवा मी चोवीस वर्षांत कुणाला दिलेली नाही.

दोन बाटल्या घेतल्या. एक पांढरी शेनिन ब्लां, एक तांबडी शिराज. नावं उच्चारता येईनात, तेव्हा बोटाने दाखवली.

३१ तारखेला आई सकाळीच मुक्तिधामला जाऊन आली. तिथे बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत. एरवी ती सगळ्यांना मिळून एक नमस्कार करते. त्या दिवशी बाराही वेगवेगळे केले, असं सौ.ने मला हळूच सांगितलं.

आणि १ एप्रिलची संध्याकाळ आली. आईने पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती, सौ.ने पाटवडीचा रस्सा, आणि चिरंजीवांनी अर्ध्या कोबीच्या गड्ड्यात टूथपिकांनी चीजचे तुकडे खोचले होते, कारण वाइनबरोबर चीज लागतं असं त्याने मोबाइलवर वाचलं होतं. केकवर आकड्यांच्या मेणबत्त्या होत्या, चार आणि नऊ. "एकोणपन्नास कोण साजरं करतं काका?" असं बेकरीवाल्याने विचारल्याचं चिरंजीव सांगत होते. आईने आधी औक्षण केलं. निरांजन ओवाळताना तिचा हात नेहमीपेक्षा सावकाश फिरला. पंचवटीवाला ठरवून आल्याप्रमाणे 'पन्नास' हा शब्द गिळत होता. "तुझा हा जो काही आकडा आहे, त्याच्या शुभेच्छा," तो म्हणाला.

पांढरी बाटली फिरकीच्या झाकणाची निघाली. खोकल्याच्या औषधासारखी उघडली. घरात पायाचे ग्लास नव्हते, तेव्हा वाइन फुलपात्रात ओतली. स्टीलमध्ये ती पन्ह्यासारखी दिसत होती. मळेवाल्याने फुलपात्र फिरवलं, हुंगलं आणि भाषण दिलं. खायची द्राक्षं निराळी आणि वाइनची निराळी. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. वेलीची छाटणी मात्र वर्षातून दोनदा, एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरात गोड्या बहाराची, आणि फळ एकदाच. "दोनदा कापून घेतल्याशिवाय वेल देत नाही," तो म्हणाला. नानांनी पुरणपोळीचा घास मोडत विचारलं, "आणि गारपीट झाली तर?" मळेवाला क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "तर पुढच्या एप्रिलात पुन्हा खरडछाटणी."

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने मळेवाल्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. न विचारता.

चव म्हणाल तर पहिला घोट आंबट लागला, दुसरा बरा आणि तिसऱ्याला नाना चक्क गाऊ लागले. रस्सा आणि शेनिन ब्लां यांचं जमतं, हे मी अनुभवाने सांगतो. चीजला कोणी हात लावला नाही. तो कोबी दुसऱ्या दिवशी भाजीत गेला.

तांबडीने मात्र दगा दिला. तिला बूच होतं, आणि बूच काढायचा तो मळसूत्री आकडा सबंध बिल्डिंगमध्ये कुणाकडे नव्हता. नानांनी कात्री लावली, पंचवटीवाल्याने किल्ली. मी स्क्रू आणि पक्कड आणायला उठलो, तेवढ्यात आई आत आली आणि तिने बाटली उचलली.

"ही टिकते का रे वर्षभर?" तिने मळेवाल्याला विचारलं.

"टिकते की मावशी. आडवी ठेवायची, गारव्याला. बूच ओलं राहतं."

"मग राहू दे. पुढच्या वर्षी उघडा." आणि जरा थांबून म्हणाली, "तेव्हा पन्नास म्हणा. हवं तेवढ्या मोठ्याने म्हणा."

कुणी काही बोललं नाही. पंचवटीवाला, जो चालत्या गाडीतही बोलतो, तोही. शेवटी नानांनी तोंड उघडलं. "वहिनी, ही एका वर्षाची मुदत ठेव झाली," ते आईला म्हणाले. "मुदतीआधी मोडता येत नाही. नियम आहे."

"मोडू देणार नाही," आई म्हणाली.

आता ती बाटली कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागे, जुन्या लुगड्याच्या घडीवर आडवी झोपली आहे. रोज पूजा आटोपली की आई तिकडे एक चक्कर टाकते. बाटली आडवी आहे ना, बघते. मग माझ्याकडे येते आणि मी रक्तदाबाची गोळी घेतली का ते बघते. दोन्ही कामं तिच्या मते एकच आहेत.

येत्या ३१ मार्चला ठेवीची मुदत संपते. वाचकहो, तुम्हा सर्वांना १ एप्रिलचं आमंत्रण आहे, आणि तारीख पाहून ते खोटं समजू नये ही विनंती. येताना हार आणू नका. बूच काढायचा आकडा असेल तर तेवढा घेऊन या.