ध्रुवपद आणि अंतरा

यवतमाळात नाइट क्लब नाही. 'रात्रीचे जीवन' या शब्दप्रयोगाला इथे बसस्थानक आणि दवाखान्याबाहेरची चहाची टपरी यांपलीकडे एरवी फारसा अर्थही नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत मात्र आहे. ते रस्त्यावर आहे, ट्रकवर रचलेल्या पेट्यांतून येते आणि खिडक्यांची तावदाने हलवून पुढे जाते. साहित्याच्या वर्गात त्याचा उल्लेख झालाच तर 'गोंगाट' या एका शब्दात होतो. गेली काही वर्षे आम्ही काही मित्र नवरात्रात आणि १४ एप्रिलला या मिरवणुकांमागे कान देऊन हिंडत आहोत. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. त्या रात्री आसपासच्या गावांतून माणसे येतात. एरवी दिवेलागणीला घरात परतणाऱ्या मुली, सुना, म्हाताऱ्या उशिरापर्यंत देखावे पाहत हिंडतात. रात्र सर्वांच्या मालकीची होण्याचे दिवस वर्षात एवढेच. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुन्हा वाटणी होते: नाचणारे बहुतेक पुरुष, पाहणाऱ्या बहुतेक स्त्रिया.

डीजे येण्याच्या आधीपासून विदर्भात धुमाळ आहे. ढोल-ताशांच्या जोडीला विजेवर चालणारा बेंजो, कीबोर्ड आणि पॅड. तेव्हा यंत्राचा ठेका आमच्याकडे परका नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून ध्वनिमुद्रिका काढली होती. तेव्हा तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा पुढे जगभर गाजलेल्या ॲसिड हाउस या प्रकाराशी तिचे साम्य पाहून जाणकार चकित झाले. पण सिंगांच्या यंत्राने रागाला विस्तारायला जागा दिली होती. आमच्या चौकातले यंत्र गाण्याचे काय करते, हा आमचा प्रश्न आहे.

डीजे चालवणाऱ्या एका मुलाला आम्ही तो विचारला. तो म्हणाला, "पुरं गाणं वाजवलं तं पोट्टे थांबून जातात न सर." म्हणून तो ध्रुवपदाची एक ओळ कापून घेतो, खाली बेस घालतो आणि तीच ओळ फिरवत ठेवतो. देवीच्या गाण्याचे तेच, भीमगीताचेही तेच.

इथे साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असे आम्हांला वाटते. भीमगीताचे ध्रुवपद हा घोष असतो; युक्तिवाद अंतऱ्यात असतो. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२–२००४) आलेल्या परंपरेत इतिहास, उपहास, समाजाला आणि स्वतःच्याच नेत्यांना विचारलेला जाब, हे सारे अंतऱ्यात येते. तो गळला की गाणे जयघोष उरते. जयघोषाला कोणी उलट उत्तर देत नाही, आणि त्यातून कोणाला काही विचारताही येत नाही.

तरीही याला नुसता ऱ्हास म्हणून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. गावच्या मुख्य रस्त्यावरून वाजतगाजत जाण्याची मुभा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्यांच्या मिरवणुकीत आवाजाची उंची हाच एक आशय असतो. तो कागदावर उतरवता येत नाही, छातीत जाणवतो.

पण शरीर त्याची किंमत मोजते. त्या मुलाला आमचा प्रश्न दोनदा विचारावा लागला, आणि तेव्हा साउंड बंद होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी असते. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. नियम आवश्यकच आहेत. त्या मुलाच्या कानांसाठी तर सर्वांत आधी. पण नियम आवाज मोजतो; गाण्यातून काय गळले ते मोजण्याचे काम त्याचे नव्हे. ते आमचे, म्हणजे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे.

यंत्राला ध्रुवपद आणि अंतरा यांतला भेद कळत नाही. जे द्याल ते ते फिरवील. अंतरा पाठ असलेल्या बाया आणि गायनपार्ट्यांतले म्हातारे जिल्ह्यातल्या वस्त्यांवर अजून आहेत. त्यांच्याकडून तो उतरवून घ्यावा, त्याची चिकित्सा करावी, आणि नुसता ग्रंथालयात न ठेवता त्या मुलाच्या पेनड्राइव्हमध्येही घालून द्यावा. तो वाजवील की नाही, पोट्टे थांबतील की नाचतील, हे सांगता येत नाही. पण आज त्याच्यापाशी निवड करायला अंतराच नाही, आणि एवढी उणीव भरून काढणे आपल्या हातात आहे.