कोपरा गुण्यात आहे का?

काटकोन मला आधी रानात भेटला, पुस्तकात फार नंतर. गंगाखेडच्या आमच्या काळ्या रानात तेव्हा कापूस चौफुलीवर लावत. पाऊस पडून वाफसा आला की आबा औत जुंपून आधी उभे तास पाडायचे, मग आडवे. उभ्या-आडव्याची फुली पडेल तिथे माय आणि सोबतच्या बाया दोन-चार सरक्या टाकायच्या, पायानं माती लोटायच्या आणि पुढच्या फुलीवर जायच्या. अशा रानात पुढे कोळपं दोन्ही अंगांनी फिरतं, तणाला जागाच उरत नाही आणि खुरपणीचा पैसा वाचतो. पहिला तास आबा धुऱ्याला धरून काढत. आडव्या तासाला मात्र समोरच्या बांधावरच्या लिंबावर नजर रोवून बैल हाकत. विचारलं तर म्हणत, "तिरपं झालं की रान वाया जातंय, बाई."

या वाक्याचा हिशेब मी शिक्षिका झाल्यावर फळ्यावर मांडला. तासांमधलं अंतर दोन्हीकडून 3 फूट धरा. तास काटकोनात छेदले तर प्रत्येक झाडाच्या वाट्याला 9 चौरस फूट जमीन येते. तेच तास 60 अंशांत छेदले तर चौरसाचा समभुज चौकोन होतो आणि एका झाडाला जवळजवळ 10.4 चौरस फूट लागतात. म्हणजे जिथे 100 झाडं बसली असती तिथे 87च बसतात. गंमत अशी, की तासांमधलं अंतर तेवढंच असल्यामुळे कोळपं दोन्हीकडून बिनतक्रार फिरतं. नुकसान डोळ्याला दिसतच नाही. आबांना ते दिसत होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला ते कसं कळलं असेल, याचा विचार करताना आजही मला त्यांच्याविषयी आदराशिवाय दुसरं काही वाटत नाही.

मामा गवंडी होते. पायाची आखणी असली की मी फक्कीचा डबा धरायला जायची. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या की मामा एका दोरीवर 3 फुटांची खूण करत, दुसरीवर 4 फुटांची. मग दोन खुणांमध्ये टेप तिरपा धरायचा. बरोबर 5 फूट भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. बोटभर जास्त भरले तर खुंटी आत घ्यायची, कमी भरले तर बाहेर. मोठं घर असेल तर हेच आकडे दुप्पट करायचे, 6, 8 आणि 10. मोठ्या मापात चूक लवकर उघडी पडते. त्यांच्या थैलीत लोखंडी गुण्या असायचाच, पण पायाला ते त्याच्यावर भरवसा ठेवत नसत. "हातभर गुण्यानं वीस फुटाची भिंत कशी मापावी?" हा त्यांचा सवाल होता.

शाळेत पायथागोरस आला तेव्हा वर्गात मला एकटीलाच तो ओळखीचा वाटला. 9 अधिक 16 बरोबर 25. पण सरांनी एक बारकावा दाखवला, जो मामांनाही सांगता आला नसता. प्रमेय म्हणतं, काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळते. मामा वापरत होते तो त्याचा व्यत्यास: बेरीज जुळली, तर काटकोन असलाच पाहिजे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी वेगळी सिद्ध करावी लागते. हातांना जे पाठ असतं ते सगळीकडे, प्रत्येक मापाला का खरं ठरतं, हे शाळेनं मला दिलं. ते ऋण मोठं आहे.

सरकवणं, फिरवणं, आरशात पाहणं ही परिवर्तनं मी पुढे वर्षानुवर्षं शिकवली. संत जनाबाईच्या या गावात फिरवण्यासाठी जात्यासारखं उदाहरण नाही. वरची तळी फिरते, हातातला खुंटा पूर्ण वर्तुळ काढतो, मधली खीळ मात्र जागची हलत नाही. फिरवण्यात एकच बिंदू स्थिर राहतो. गोदावरीच्या घाटावर सकाळी उभं राहिलं की पायऱ्या पाण्यात उलट्या उतरलेल्या दिसतात. तिथे पाण्याची अख्खी कड स्थिर असते. आणि नुसतं सरकवलं, तर काहीच जागेवर राहत नाही. तिन्हींत कोनाला मात्र धक्का लागत नाही. आकृती लहान-मोठी केली तर लांबी बदलते, क्षेत्रफळ बदलतं, कोन तोच. म्हणूनच मामांच्या 3-4-5 चे 6-8-10 केले तरी कोपरा काटकोनातच राहत असे. मला भूमितीचा लळा लागला तो या एका गोष्टीमुळे.

हा लळा या नदीकाठाला फार जुना आहे. गंगाखेडच्या वरच्या अंगाला, आपल्याच परभणी जिल्ह्यातलं पाथरी म्हणजे पूर्वीचं पार्थपूर. तिथे ज्ञानराजानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास यानं भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका' ही टीका लिहिली. याच सूर्यदासाचं 'रामकृष्णविलोमकाव्य' आहे: श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा, एकेक अक्षर उलट वाचत गेलं तर कृष्णाची. गणित जाणणाऱ्या माणसानंच शब्दांसमोर असा आरसा धरावा, याचं मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं, की जिल्ह्यातल्या मुलांना पायथागोरस माहीत असतो आणि पाथरीचा सूर्यदास माहीत नसतो.

त्या ग्रंथकारांचं एक महत्त्वाचं साधन होतं शंकू, म्हणजे सावली मोजण्यासाठी जमिनीत ओळंब्यात रोवलेली काठी. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती मेच्या मध्याला, तेव्हा शाळांना सुट्टी असते; पुन्हा जुलैच्या अखेरीस, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. 21 मार्चला मात्र शाळाही भरलेली असते आणि ऊनही कडक. गंगाखेड तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं त्या दिवशी पटांगणात 120 सेंटिमीटरची काठी रोवावी, ओळंबा लावून सरळ करावी आणि साडेबाराच्या सुमारास सावली मोजावी. ती 41 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. मग वहीत तो काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकानं मोजावा: 19 अंश. हेच आपले अक्षांश. आणि मुलांना सांगावं, की आज रात्री कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून घराच्या धाब्यावर जा, त्याच्या सरळ कडेवरून ध्रुवतारा पाहा आणि तो क्षितिजापासून किती अंश वर आहे ते उद्या येऊन सांगा.