उसना श्वास

आमच्या दादांची तीस वर्षे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लोखंडाचे पत्रे कापण्यात गेली. ऑक्सिजन म्हणजे त्यांच्या लेखी हत्यार! श्वासाशी त्याचा काही संबंध आहे, हे त्यांना पाठ होते, पटलेले नव्हते.

२०२१ च्या एप्रिलात करोनाने ते पटवले. दादा पिंपरीच्या एका इस्पितळात खाटेवर होते आणि बहुतेक कारखान्यांचा ऑक्सिजन सरकारने रुग्णांकडे वळवला होता. मुखवट्याआडून ते मला म्हणाले, “इतकी वर्षं लोखंडाला पाजला, आता माझी पाळी!”

दादांची मुलगी डॉक्टर. बाहेरच्या बाकावर मी तिला विचारले, “अगं, फुप्फुसं दमली असतील, तर ऑक्सिजन थेट रक्तातच का सोडत नाहीत?”

“काका, नुसता सोडला तर बुडबुडे होऊन रक्ताची वाट अडेल. पण दुसऱ्या तऱ्हेनं करून पाहिलं आहे.”

मग तिने सांगितले. अमेरिकेतील डॉ. मॉर्टेन्सन यांनी केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंची एक जुडी केली. मांडीच्या शिरेतून ती हृदयाशी जाणाऱ्या महाशिरेत सरकवायची. तंतूंच्या आतून ऑक्सिजन खेळवायचा, बाहेरून रक्त वाहते. तंतूंच्या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात झिरपतो आणि कार्बन डायऑक्साइड उलट वाटेने बाहेर पडतो. १९९० च्या सुमारास ती रुग्णांवर वापरून पाहिली. पण शरीराच्या गरजेचा तिसरा हिस्साही भागेना. पुढे पिट्सबर्गच्या डॉ. हॅटलर यांनी जुडीच्या मध्ये धडधडणारा फुगा बसवून पाहिला. तरीही ते नित्याच्या वापरात आले नाही. आज रक्तच शरीराबाहेर काढून, यंत्रातून फिरवून परत सोडतात. त्याला एक्मो म्हणतात.

“अडलं कुठं?” मी विचारले.

“जागेत! फुप्फुसांतल्या फुग्यांचा पृष्ठभाग पसरला, तर सुमारे ७० चौरस मीटर होतो. म्हणजे आपली चिंचवडची जागा. शिरेत मावणाऱ्या तंतूंचा फार तर अर्धा मीटर. म्हणजे दोन-तीन पाट!” हे सांगताना तिची नजर दाराकडेच होती.

दादा घरी आले. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ आले नाहीत. अजूनही दादा जिन्यात दोनदा थांबतात.

त्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला वहिनींनी पाट मांडला. लेकीचा हिशेब तोवर दादांच्या कानी गेलेला होता. पाटाकडे पाहत ते म्हणाले, “एवढ्यावर काय भागायचं!” आणि धाप लागेपर्यंत हसले. आम्हीही हसलो, पण त्यांची धाप बसेपर्यंत तेलाची वाटी कोणी उचलली नाही.