तट नसलेल्या गावाच्या वेशी

नाशिकला दरवाजे आहेत, तट मात्र कधीच नव्हता. दिल्ली दरवाजा, नाव दरवाजा, त्र्यंबक दरवाजा ही नावं रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर नेऊन सोडेल. पण या दरवाजांना जोडणारी भिंत शोधू गेलात तर हाती काही लागणार नाही. 1883 च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही हेच नोंदलेलं आहे: गावात येणाऱ्या वाटांवर वेशी होत्या, गावाभोवती कोट नव्हता. मग गाव राखलं कशानं? हे पायांनाच कळतं, त्यासाठी जुन्या नाशकात चालावं लागतं.

आम्ही गंगापूर रोडची माणसं. आमचा रस्ता अशोक स्तंभापासून निघतो आणि पश्चिमेला सरळ सपाट धावतो. गाव सोडून या वाटेला लागणं हे काही फ्लॅटसंस्कृतीनं शिकवलेलं नाही. थोरल्या माधवरावांशी बिनसल्यावर गोपिकाबाई गंगापूरला येऊन राहिल्या, राघोबादादांनी आनंदवल्लीला वाडा बांधला. पुण्याच्या दरबारातून उठलेल्यांना ही नदीकाठची मोकळी हवा मानवली असावी. आज जुन्या गावातले, तिवंध्यावरचे, डिंगर आळीतले संसार त्याच वाटेनं इकडे येतात आणि मागे वाड्यांच्या कड्यांना कुलपं लागतात.

अशोक स्तंभाकडून रविवार कारंजावर यावं आणि वाहनाचा विचार तिथंच सोडून द्यावा. सरकारवाड्याच्या पेशवाईतल्या काळ्या दगडांना हात लावून सराफ बाजाराच्या उताराला लागलं की पावलं आपोआप भरभर पडू लागतात. हा उतार उगाच नाही. दहीपुलाखालून, बाजाराच्या पोटातून सरस्वतीचा ओहोळ गोदेला जाऊन मिळतो. वर फरशी, खाली पाणी. एरवी त्याची कुणाला आठवणही नसते. जोराचा पाऊस झाला की तो बाजारात वर येतो आणि दुकानदार माल माडीवर चढवू लागतात. नदीचा पूर किती, हे मात्र आमच्याकडे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच ठरतं. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढ्या बातमीवर सगळं गाव काय ते समजून घेतं. पलीकडच्या काठावर नारोशंकराच्या देवळाची ती पोर्तुगीज घंटा. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तिथून ती आली; 1721 हे साल तिच्यावर आहे. वसईच्या भक्कम तटाआडून निघालेली घंटा या बिनतटाच्या गावात येऊन टांगली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

दहीपुलाकडून तिवंध्याकडे वळलं की चढ सुरू. म्हसरूळ टेक, जोगवाडा, डिंगर आळी, चित्रघंटा. नऊ टेकड्यांवर वसलेलं गाव म्हणतात ते असं. बोळ इतके अरुंद की समोरून दुचाकी आली तर ओट्यावर चढून उभं राहावं लागतं. तटाचं काम या चढांनी आणि बोळांनीच केलं असावं. ओट्यावरून सहज नजर आत जाते: दिंडीदरवाजा, पलीकडे चौक, तुळशीवृंदावन, माडीचा झिजलेला लाकडी जिना. काही वाड्यांच्या भिंतींना बाहेरून लाकडी टेकू दिलेले. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळतेच.

तिवंधा चौकात जरा थांबावं. पायाखाली रहाड असते. पेशवाईपासूनचा हा पुरुषभराहून खोल, बांधीव हौद वर्षभर वासे, फळ्या आणि मातीखाली बुजवलेला असतो. त्यावरून दुधाच्या गाड्या जातात, पोरं क्रिकेट खेळतात. रंगपंचमीच्या आधी तो उकरून स्वच्छ करतात, पूजा होते, फुलांपासून उकळलेला रंग ओततात. तिवंध्याचा रंग पिवळा, शनि चौकातल्या रहाडीचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी. मग काठावरून उडी घेऊन धप्पा मारायचा. अंगाचा रंग दोन-तीन दिवस जात नाही आणि ऑफिसात पोचल्यावर माणूस कोणत्या चौकातला ते चेहऱ्यावरूनच कळतं. गंगापूर रोडवर राहायला गेलेली मंडळीही त्या दिवशी आपापल्या रहाडीवरच येतात, सोसायटीच्या पिचकारीनं त्यांचं भागत नाही.

शेवटी काझीच्या गढीवर यावं. नदीवर उभी असलेली ही मातीची टेकडी आपल्या सगळ्यांहून जुनी आहे. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथं उत्खनन केलं आणि मातीच्या थरांतून ताम्रपाषाणयुगातली मडकी वर आली. माणसानं घर बांधायचं, ते पडायचं, त्यावर दुसरं बांधायचं, असं करत गढी वर चढत गेली. आता ती उतरते आहे. पावसाळ्यात नदीकडची कड ढासळते, तिच्यासोबत घरं जातात आणि काठावरच्या कुटुंबांना स्थलांतराची सूचना येते. आधी काय मागायचं, हे इथल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे: नदीच्या अंगानं संरक्षक भिंत. वर्षानुवर्षं ती मागणी आहे. तटाविना एवढी शतकं काढलेल्या गावाला ही एक भिंत मिळायलाच हवी, आणि ती पुढचा पावसाळा लागायच्या आत.