अण्णांची निमकी

श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर

चि. मनू,


लेकीचं पाचाच्या पाढ्यापाशी अडलंय म्हणालीस, आणि अण्णा पाचाने गुणताना “आधी निम्मे कर” का म्हणायचे, हेही विचारलंस. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

अण्णांच्या वेळी शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असं सगळं घोकून घ्यायचे. अंकलिपीत ते छापलेलंच असायचं. रुपयाचे आणे १६, मणाचे शेर ४०. पाव-अर्ध्याचा हिशोब तोंडी आल्याशिवाय बाजारात निभाव नव्हता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आला आणि हे पाढे मागे पडले. साडेतिनाची औटकी गेली त्याचं मला दुःख नाही. निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, मात्र ठेवायला हवी होती.

अण्णा बाजारात गोणपाटावर पाच-पाच लिंबांचे वाटे लावायचे, आठवतं? असे ३७ वाटे, तर लिंबं किती? दोन वाट्यांची जोडी म्हणजे दहा. ३७ चे निम्मे साडेअठरा. अठरा जोड्यांची १८०, उरलेल्या एकट्या वाट्याची ५, झाली १८५. भागाकारात हेच उलटं. १८५ लिंबांचे वाटे किती? दर दहात दोन वाटे, म्हणून दुप्पट करायची, ३७०, आणि दहाने भागायचं. ३७.

लेकीला ही युक्ती इतक्यात सांगू नकोस. आधी वाटे तिलाच लावू दे, जोड्याही तिलाच जुळवू दे. लिंबं तिकडे महाग असतील तर शेंगा घे, बटणं घे. आणि पाढा रोज म्हणायचाच, त्यात सूट नाही! “पाच सक तीस” विचार करून सांगावं लागत असेल, तर पुढचं सगळं रखडतं.

एका ठिकाणी मुलं हमखास फसतात. १८८ लिंबं घे. दुप्पट ३७६, म्हणजे वाटे ३७ आणि शेवटी ६ दिसतात. लगेच “बाकी सहा” म्हणतात. पण आपण सगळंच दुप्पट केलंय, तेव्हा बाकीही दुप्पट झाली. खरी लिंबं उरली तीनच. हे तिला मोजून पाहू दे.

एवढं जमलं की २५ ने गुणायला पावकी लागेल. ते पुढच्या पत्रात.

तुझी,
आत्या