अर्धशिशी आणि रक्ताचा कागद

ज्याचें जळतें त्याला कळतें, ही म्हण आपण वारंवार उच्चारतों. पण दुखणेकरी लहान मूल असलें म्हणजे तीच खुशाल विसरतों.

रत्नागिरीस वैशाखांत ऊन असें तापतें कीं चिऱ्याच्या गडग्याकडे पाहवत नाहीं. अशा दुपारीं एखादें मूल कपाळ दाबून काळोख्या माजघरांत जाऊन पडलें, तर आजीबाई सुंठ उगाळून लेप घालीत, मीठमोहऱ्या ओवाळीत आणि घरांत आवाज होऊं देत नसत. मीठमोहऱ्यांनीं दुखणें जात नसेल. परंतु दुखतें आहे यावर आजीचा विश्वास असे. आतां आम्ही सुशिक्षित झालों, आणि आम्हांस पुरावा लागूं लागला.

आमच्या एका स्नेह्यांची दहा वर्षांची कन्या. महिन्यांतून दोनतीनदां तिचें डोकें ठणके, ओकारी होई, आणि तीन तास झोप झाली कीं ती हसतखेळत उठे. हें हसत उठणेंच तिच्यावर शेकलें. शाळा बुडविण्याचें सोंग, असा घरचा निकाल झाला. अखेर रक्त तपासलें. हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, दाह दाखविणारें सी.आर.पी., सारे आंकडे यथास्थित. "पाहा, कांहीं नाहीं!" असें म्हणून वडिलांनीं कागद आमच्या हातीं दिला.

वास्तविक अर्धशिशी सिद्ध करणारी रक्ताची कसोटी वैद्यकास अद्याप सांपडलेली नाहीं. रक्त तपासतात तें पांडुरोगासारखीं दुसरीं कारणें वगळण्यासाठीं. १९९० सालीं गोड्सबी, एडविन्सन प्रभृतींनीं, ऐन झटक्यांत मानेच्या शिरेंतील रक्तांत सी.जी.आर.पी. नांवाचें द्रव्य वाढतें, असें दाखविलें. त्या शोधांतून पुढें नवीं औषधें निघालीं, आणि २०२१ सालीं त्या दोघांस अन्य दोघांसह 'ब्रेन प्राइझ' हें पारितोषिक मिळालें. पण हें द्रव्य रक्तांत फार वेळ टिकत नाहीं. तें मोजून मुलाचें निदान करण्याची रीत नाहीं. लोह किंवा ड जीवनसत्त्व यांच्या उणिवेचा मुलांच्या अर्धशिशीशीं संबंध शोधणारे अभ्यासही झाले. पण संबंध म्हणजे पुरावा नव्हे.

निदान होतें तें तपासणीच्या जोडीला मुलाच्या हकीकतीवरून. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत निदान पांच झटके, मळमळ, उजेड व आवाज नकोसा होणें अशीं लक्षणें सांगितलीं आहेत. प्रौढांचा झटका चार तासांहून कमी नसावा, मुलांचा मात्र दोन तासांचाही चालतो. नांवांत 'अर्ध' असलें तरी लहानांचें बहुधा दोन्ही बाजूंनीं दुखतें. मुलगी सोंग करीत नव्हती. ती पुस्तकांतलें लक्षण जसेंच्या तसें सांगत होती.

इतकीं वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यावर आम्हांस एवढें कळलें आहे कीं, जें विचारलेंच नाहीं त्याचें उत्तर कागदावर येत नसतें. वेदनेचा प्रश्न रक्ताला नव्हे, मुलाला विचारावा लागतो.

त्या घरीं आतां एक वही घातली आहे. झटक्याची तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेलें जेवण हें सारें ती मुलगी स्वतः लिहिते. डॉक्टर प्रथम ती वहीच मागतात.