कापणीची गाडी आणि फेब्रुवारीची थंडी

फेब्रुवारी १८२१ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातून लंडनला एक पत्र गेलं. लिहिणारा एब्रम कॉन्स्टेबल, वडिलांच्या पाणचक्क्यांचा कारभार पाहणारा. ज्याला लिहिलं तो त्याचा थोरला भाऊ जॉन, चित्रकार. घरच्या खुशालीच्या मजकुरात एक बारीकशी बातमी आहे: गावातल्या डन्थॉर्नच्या मुलाने कापणीच्या गाडीची रेखाकृती करून दिली आहे आणि बिचाऱ्याला ती भर थंडीत काढावी लागली. जॉन त्या वेळी लंडनमध्ये जवळजवळ सहा फूट रुंदीच्या एका चित्राशी झुंजत होता. त्यात भर उन्हाळ्याची दुपार आहे, नदीच्या उथळ उतारात रिकामी गाडी उभी आहे आणि पलीकडच्या शेतात गवत कापणारी माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. चित्र ‘द हे वेन’ या नावाने पुढे इतकं प्रसिद्ध झालं, की बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा ते आलं. पण त्या पत्रातली थंडी कानामागे टाकता येत नाही. ज्याच्याइतकं गाव कुणीच पाहिलं नाही असं आपण मानतो, त्या चित्रकाराला गाडी कशी असते ते गावाकडून मागवावं लागलं. आणि ज्या चित्रात उन्हाची ऊब आहे, त्याच्यासाठी कुणीतरी काकडत उभं राहिलं.

गावातून स्फूर्ती घेणाऱ्या चित्रकाराचं एक ठरलेलं रूप आपल्या मनात असतं. तो बांधावर बसतो, समोर शेत, हातात रंग. गाव देतं आणि तो घेतो. कॉन्स्टेबलने हेही केलं होतं. ‘फ्लॅटफर्ड गिरणीजवळची नावबांधणी’ हे १८१५ मध्ये रॉयल अकादमीत मांडलेलं चित्र त्याने तिथेच, उघड्यावर बसून रंगवलं. चित्र सुंदर आहे, नेटकं आहे, पण त्याच्यासमोर श्वास अडखळत नाही. १८१६ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि त्याने लंडनमध्ये कायमचा संसार मांडला. त्याची मोठी चित्रं आली ती त्यानंतर: १८१९ मध्ये ‘पांढरा घोडा’, मग १८२५ पर्यंत स्टूर नदीची एकामागून एक, ‘पांढरा घोडा’ धरून एकूण सहा मोठी दृश्यं. सगळी लंडनमध्ये झाली. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा क्रम अपघाताचा नाही. गाव डोळ्यांसमोर असतं तोवर ते चित्रकाराला हवं ते सगळं देतं, आणि म्हणूनच काय हवं हे त्याला ठरवावं लागत नाही. गाव सुटल्यावर ते ठरवावं लागतं. आणि तेव्हाही एकट्याच्या आठवणीवर भागत नाही, मागे राहिलेलं कुणीतरी लागतं.

या मागे राहिलेल्यांकडे जरा निरखून पाहायला हवं, कारण कलेच्या इतिहासात त्यांना तळटिपेपलीकडे जागा मिळत नाही. थोरला जॉन डन्थॉर्न हा ईस्ट बर्गोल्ट गावातला नळकाम आणि खिडक्यांच्या काचा बसवणारा कारागीर. त्याला चित्रकलेचा नाद होता. गिरणीमालकाचा मुलगा आणि हा कारागीर तरुणपणी जोडीने बाहेर पडत आणि उघड्यावर चित्रं काढत. कॉन्स्टेबलला निसर्ग शिकवणारं पहिलं विद्यापीठ रॉयल अकादमी नव्हे, हा माणूस होता असं मला ठामपणे वाटतं. निदान रोज उठून पाहायला जाण्याची शिस्त तरी त्याच्या सोबतीत लागली. पुढे लग्नाच्या सुमारास दोघांत दुरावा आला. मुलीकडच्या प्रतिष्ठित मंडळींना डन्थॉर्नची धर्माबद्दलची मतं खपत नव्हती आणि कॉन्स्टेबलने मैत्रीपेक्षा सोयरीक राखली. तरी पाच वर्षांनी गाडीची गरज पडली तेव्हा रेखाकृती आली ती त्याच घरातून, मुलाच्या हातून. हा मुलगा नंतर लंडनला येऊन कॉन्स्टेबलचा साहाय्यक झाला. दुसरा मित्र जॉन फिशर, सॉल्सबरीचा धर्मोपदेशक. ‘पांढरा घोडा’ त्याने शंभर गिनी देऊन घेतला, तेव्हा असली मोठी चित्रं काढत राहण्याचं बळ कॉन्स्टेबलला मिळालं. आणि फिशरलाच १८२१ च्या शरदात लिहिलेल्या पत्रात कॉन्स्टेबल आपल्याला काय आवडतं ते सांगून टाकतो: गिरणीच्या बांधातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, वाळुंजाची झाडं, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब, जुनं वीटकाम. ही यादी एखाद्या शहरी सहलकऱ्याला सुचणार नाही. बुळबुळीत खांब त्यालाच आवडतो, ज्याच्या घरची मिळकत त्या खांबावर उभी आहे. स्टूर ही नुसती नदी नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी कायदा करून ती मालवाहतुकीसाठी बांधून काढलेली होती आणि कॉन्स्टेबलांचं धान्य आणि पीठ तिच्यावरून पडावांत भरून जाई. पडाव ओढणारे घोडे काठाच्या वाटेने चालत. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून त्या वाटेवर आडवी कुंपणं असत आणि घोड्यांना ती उडी मारून ओलांडायला शिकवलेलं असे. १८२५ च्या ‘उडी घेणारा घोडा’ या चित्रात तेच आहे. वीररसातला घोडा वाटतो खरा, पण तो कामावर निघालेला ओढकरी घोडा आहे. आठवणीने इथे गावाला गोड केलेलं नाही, गावाचा धंदा जसाच्या तसा जपला आहे. सौंदर्य असलंच तर ते या धंद्याच्या नेमकेपणातून आलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कॉन्स्टेबलकडे वह्याच्या वह्या भरून टिपणं होती. विली लॉट या शेतकऱ्याचं घर त्याने कितीदा तरी रंगवलं होतं, ‘द हे वेन’मध्ये डावीकडे तेच आहे. मग ही आठवणीची आणि दुराव्याची भाषा कशाला? टिपणांवरून चित्र करणं हा तर जुनाच रिवाज. पण वही हाताला त्या दिवशी जे टिपावंसं वाटलं तेवढंच ठेवते. घर टिपलं जातं, पाणी टिपलं जातं. रोज दारावरून जाणारी गाडी टिपायची राहते, कारण ती उद्याही जाणारच असते. वहीत हवी तशी गाडी असती, तर फेब्रुवारीत कुणाला बाहेर उभं करण्याची गरज नव्हती. काय हुकलं हे दूर गेल्यावरच कळतं, आणि ती उणीव वही भरून काढत नाही, माणूस काढतो.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो गेल्या काही दशकांत इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी नेटाने मांडला आहे. नेपोलियनशी चाललेली युद्धं १८१५ मध्ये संपली, धान्याचे भाव कोसळले, मजुरी घटली. १८१६ मध्ये त्या भागात दंगे झाले, १८२२ मध्ये मळणीयंत्रं फुटली. याच एब्रमने त्या वर्षी भावाला कळवलं, की जवळ किंवा दूर कुठेतरी आग दिसली नाही अशी रात्र जात नाही. चित्रात यातलं काय आहे? मजूर शेताच्या कडेला ठिपके होऊन राहिले आहेत. हा आरोप मला खरा वाटतो आणि ‘कलेला राजकारणाशी काय देणंघेणं’ असं म्हणून तो झटकून टाकणं मला पटत नाही. ही आठवण गिरणीमालकाच्या मुलाची आहे, मजुराच्या मुलाची नाही. मात्र त्यामुळे माझा मुद्दा ढळत नाही, उलट पक्का होतो. मागे राहिलेला माणूस कोण, यावर गाव कोणतं दिसणार हे ठरतं. एब्रमच्या पत्रातून गाडीही आली आणि आगीही आल्या. चित्राने गाडी घेतली.

फ्रेंच चित्रकार सेझानचं उदाहरण पुढे करून कुणी म्हणेल, की तो तर आपल्या एक्स गावाच्या आसपास राहूनच सेंट व्हिक्तवार डोंगर रंगवत राहिला, त्याला कुठे लांब जावं लागलं? पण शाळकरी वयात त्या रानात तो झोला आणि बाय या दोस्तांबरोबर भटकला होता. डोंगराची थोर चित्रं आली तेव्हा ते वय, ती टोळी आणि पुढे झोलाशी असलेली मैत्रीही मागे पडली होती. अंतर मैलांतच मोजायचं असं नाही. याच सेझानकडे नीट पाहा, चित्राची बांधणी त्याच्याकडून शीक, असं छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४८ मध्ये काश्मीरात एका तरुण भारतीयाला सांगितलं. तो सय्यद हैदर रझा.

रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात. म्हणजे इथेही गाव दिसलं ते सरकारी निवासाच्या अंगणातून, गोंडांच्या झोपडीतून नव्हे. रात्रीचं रान भयाचं, पहाटे सुटका, बाजाराच्या दिवशी रंगांची लयलूट: बालपणाचं हे चक्र ते पुढे सांगत. शाळेत चंचल मुलाचं मन थाऱ्यावर यावं म्हणून नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं, तीही आठवण. आता पाहा, नागपूरच्या आणि मग मुंबईच्या जे. जे.तल्या वर्षांत, ‘प्रोग्रेसिव्ह’ गटात सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर असताना त्यांनी काय रंगवलं? मुंबईचे रस्ते, पाऊस, काश्मीर. मंडल्याचं रान तेव्हा रेल्वेने गाठता येण्याजोगं होतं आणि ते कॅनव्हासवर आलं नाही. ते आलं १९५० मध्ये पॅरिसला गेल्यानंतर वीसेक वर्षांनी, १९७२ च्या ‘तपोवन’सारख्या चित्रांत: काळोख, त्यात पेटलेलं लाल-नारिंगी, आकार नसलेलं भय. मधल्या काळात कृष्ण खन्नांसारख्या मित्रांशी पत्रं चालू होती, सत्तरच्या दशकात अजिंठा-वेरूळपासून राजस्थानपर्यंत फेऱ्या झाल्या. हे मित्र मंडल्याचे नव्हते, रान कसं होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी वेगळं केलं: पॅरिसमध्ये नाव कमावलेल्या माणसाला तू कुठला, हा प्रश्न विझू दिला नाही. १९८१ च्या ‘माँ’मध्ये देवनागरी अक्षरं उतरली ती अशोक वाजपेयींच्या कवितेतली, म्हणजे तीही मित्राकडूनच आली.

पुढे बिंदू स्थिर झाला. त्रिकोण, वर्तुळं, पंचतत्त्वं, सगळं आखीव झालं, लिलावांत त्याला कोट्यवधींचे भाव आले आणि रझा म्हणजे बिंदू असं समीकरण बसलं. मला सत्तरच्या दशकातला रझा अधिक मोठा वाटतो. त्या चित्रांत रान अजून पुरतं आठवलेलं नाही. ते चाचपडत शोधलं जातंय आणि रंग चुकून एकमेकांत घुसतात. नंतरच्या अनेक चित्रांत ठिपका आधीच ठाऊक असतो, कुणाला काही विचारायचं उरलेलं नसतं. हे सगळ्याच उत्तरचित्रांना लागू नाही, ‘सौराष्ट्र’ १९८३ चं आहे आणि त्यात आखीव चौकटींच्या आत रान पुन्हा उसळताना दिसतं. पण भिंतीवर टांगण्यासाठी एकच निवडायला सांगितलं, तर मी ‘तपोवन’ घेईन.